शरदचं बांबूचं घर

फिलिपिन्सला जाऊन आले हे कळल्यावर कॉलेजातल्या बायकांनी पहिल्यांदा विचारलं ते खरेदीचं. मोती स्वस्त मिळतात म्हणे, पिशव्या चांगल्या असतात म्हणे. मी सांगितलं, काहीच आणलं नाही. मग बघितलं तरी काय? मी म्हटलं, एक घर बघितलं. "एका घरासाठी एवढ्या लांब?" असं कुणीतरी तमिळमध्ये म्हणालं आणि स्टाफरूममध्ये हसू पसरलं. त्यांचा दोष नाही. माझ्या भावाचं त्यांना मी सांगितलंच नव्हतं. तोंडानं सांगता येत नाही म्हणून हे लिहिते आहे. घराचं सांगायचं तर भावाचंही सांगावं लागेल.

वेलचेरी

आमचे बाबा मिरजेहून संरक्षण खात्याच्या कारखान्यात नोकरीला म्हणून मद्रासला आले आणि इथलेच झाले. मी आणि शरद दोघं इथेच वाढलो. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ. मी तांबरमच्या कॉलेजात भूगोल शिकवते. शरद माझ्याहून बराच लहान. तो बोटीवर इंजिनिअर झाला. बाबा गेल्यावर आईनं आणि मी वेलचेरीत पहिल्या मजल्यावर फ्लॅट घेतला. चेन्नईत मोठा पूर आला त्या वर्षी खालची बिऱ्हाडं गॅसच्या शेगड्यांसकट आमच्याकडे राहायला आली होती, तेव्हा शरद फोनवर म्हणाला होता, "ताई, आमच्या गावात या, पाणी आलं तर घराखालून निघून जातं."

आमच्या गावात, म्हणजे त्याच्या बायकोच्या. बोटीवर निम्मी माणसं फिलिपिनो. त्यातल्याच एका मित्राच्या बहिणीशी, लुझशी, त्यानं लग्न केलं. आई भांडली नाही. तिनं फक्त लुझचं नाव कधी घेतलं नाही. शरद सुट्टीत एकटाच यायचा, आमटी-भात खायचा, आईचे पाय चेपायचा आणि परत जायचा. मुलगी झाल्याचं त्यानं कळवलं तेव्हा आई "जपून राहा" एवढंच म्हणाली आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला.

मार्चमध्ये बोटीवरच त्याचं हृदय बंद पडलं. कंपनीनं त्याला बायकोकडे पोचवलं. लुझचा फोन आला तो आठवड्यानंतर. लाईन खराब, त्यात तिचं रडणं. एवढंच समजलं, "तो आमच्याजवळ आहे, घरी आहे." आईनं आणि मी त्याचा अर्थ आमच्या पद्धतीनं लावला, की अस्थी घरी ठेवल्यात.

"सुट्टी लागली की जा आणि त्याला घेऊन ये," आई म्हणाली. "रामेश्वरला नेऊ."

आईला सोबत म्हणून समोरच्या राव मामी तयार झाल्या. त्या तंजावरकडच्या मराठी. त्यांची मराठी ऐकली की जुन्या पोथीतून कुणी बोलतंय असं वाटतं, मध्येच तमिळ येतं. "तुम्ही जाऊन या हो. आईची कवलै करूं नका, मी आहें," त्या म्हणाल्या. आईनं माझ्या बॅगेत एक नवं पांढरं कापड आणि तांब्याचा छोटा कलश ठेवला.

मिंदोरो

सिंगापूरला विमान बदलून मनिला, मग बस, मग बोट. त्यातलं सांगण्यासारखं काही नाही. मिंदोरो बेटाच्या धक्क्यावर लुझ उभी होती. ठेंगणी, सावळी, छातीवर काळ्या कापडाची बारीक पट्टी टाचणीनं लावलेली. त्यांच्याकडे सुतकाची ती खूण, वर्षभर लावतात. तिनं माझा हात घेऊन स्वतःच्या कपाळाला टेकवला आणि म्हणाली, "आते मंगला."

मी दचकलेच. हिला आत्या शब्द कुणी शिकवला? शरदनं? पुढे कळलं की त्यांच्या भाषेत थोरल्या बहिणीला 'आते' म्हणतात. तिच्या लेखी मी थोरली नणंद म्हणून आते, आणि तिच्या मुलीची तर मी खरोखरच आत्या. हे मी तिला समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "हो, तो हेच सांगून हसायचा."

जीपनीतून, म्हणजे तिथल्या लांबट जीपगाडीतून, जाताना बाहेर पाहिलं तर भाताची खाचरं, माड, शेवग्याची झाडं. चेन्नईबाहेर चेंगलपट्टूच्या पुढे आल्यासारखं वाटत होतं. मध्येच रस्त्याकडेला गुलाबी, पिस्ता रंगाची दुमजली घरं लागत, लोखंडी फाटकं लावलेली, बहुतेक बंद. "जहाजावरच्यांची," लुझ म्हणाली. "किंवा सौदीतल्यांची. पैसे येतात, घर बांधतात, राहायला कुणी नसतं." शरदनं तसं घर बांधायचं नाकारलं होतं. वर्षभर लोखंडाच्या डब्यात राहतो, घरी तरी वारा लागू दे, असं त्याचं म्हणणं. म्हणून लुझच्या वडिलांनी त्याला जुन्या पद्धतीचं बांबूचं घर बांधून दिलं. या घरांना ते लोक 'बाहाय कुबो' म्हणतात.

खाडीच्या काठी, माडांच्या मागे ते उभं होतं. जाड खांबांवर, जमिनीपासून माणूस वाकून खाली जाईल एवढं उंच. भिंती बांबूच्या तट्ट्यांच्या. छप्पर निपाच्या पानांचं. हा निपा खाडीच्या चिखलात वाढणारा बुटका माड, त्याची पानं काठीवर दुमडून टाचतात आणि कौलांसारखी एकावर एक शाकारतात. खिडक्यांना गज नाहीत, झडपा वर उचलून बांबूच्या टेकूवर ठेवायच्या. घराखाली डुक्कर बांधलेलं, कोंबड्या, सरपण, शरदची सायकल. आमच्या वेलचेरीतल्या नव्या बिल्डिंगी पण खांबांवरच असतात, खाली गाड्या लावतात. पण तिथे खालचं वर येऊ नये असं बघतात. इथे वरचं सगळं खाली जाऊ द्यायचं. पाणी, केर, भाताची शितं, सगळं फटीतून खाली, कोंबड्यांना.

शिडीपाशी लुझनं मला थांबवलं. पहिल्यांदा येणाऱ्यानं खालून हाक द्यायची असते. मी तिच्या मागोमाग म्हणाले, "ताओ पो!" म्हणजे, इथे माणूस आहे. भूत नाही, माणूस. वरून म्हाताऱ्याचा आवाज आला, "तुलोय!" म्हणजे, या आत. मग वर गेले. दारात चपला काढल्या, आपल्यासारख्याच.

तो म्हातारा म्हणजे लुझचे वडील. त्यांना सगळे ताताय म्हणत, मीही म्हणू लागले. तात्या म्हटल्यासारखंच वाटायचं. बायको पूर्वीच वारलेली. त्यांना इंग्रजी थोडकं येई, बाकीचं लुझ सांगे. आणि त्यांच्या पाठीमागे शरदचे डोळे घेऊन एक सहा वर्षांची मुलगी उभी होती. माया. आपल्याकडे माया म्हणजे माया. तिथे चिमणीला माया म्हणतात. दोन्हीकडे चालेल असं नाव शरदनं शोधलं होतं. ती माझ्याकडे आली नाही.

पहिल्याच सकाळी माझी फजिती झाली. जमीन बांबूच्या कामट्यांची, मध्ये बोटभर फटी. चटईवरून उठताना चष्मा हातातून सुटला आणि फटीतून थेट डुकरापुढे. मला चष्म्याशिवाय काही दिसत नाही, शिडी उतरायची भीती वाटते, मी तिथेच बसून राहिले. थोड्या वेळानं माया वर आली, फ्रॉकला चष्मा पुसला आणि माझ्या नाकावर अगदी हळू ठेवला. पहिल्यांदा तिचा चेहरा स्पष्ट दिसला तो असा जवळून. मग ती पळाली.

जेवणाची माझी पंचाईत होईल म्हणून लुझनं मुगाची पातळ उसळ केली होती, शेवग्याचा पाला घालून, वर तळलेला लसूण. तिथे यात सुकी कोलंबी घालतातच. "तो आईची आठवण आली की सांगायचा, आज मासे नको," ती म्हणाली. मूगही तसेच, पालाही तसाच. फक्त चव अर्धवट ओळखीची, आणि तेच जास्त वाईट वाटत होतं.

जेवण झाल्यावर मी विचारलं, "तो कुठे आहे?"

दफनभूमी

लुझ मला रिक्षातून गावाबाहेर घेऊन गेली. मोटारसायकलला जोडलेली त्यांची रिक्षा, आत दोघी गुडघ्याला गुडघा लावून. मला वाटलं चर्चमध्ये कलश ठेवला असेल. रिक्षा थांबली ती सिमेंटच्या पांढऱ्या पेट्यांच्या रांगांसमोर. त्यांच्याकडे जमिनीवरच सिमेंटची पेटी बांधून त्यात शवपेटी सरकवतात आणि तोंड बंद करतात.

शरद एका कडेला, कुंपणाच्या भिंतीला लागून होता. तो बाप्तिस्मा न घेतलेला म्हणून आतल्या रांगेत ठेवायला काही लोकांनी हरकत घेतली होती. ताताय दोन दिवस पाद्र्यांच्या दारात बसले, तेव्हा ही जागा मिळाली. क्रूस नव्हता. क्रूसाच्या जागी निळ्या रंगात ॐ काढलेला होता. शरदच्या बॅगेवरच्या चित्रावरून गावच्या रंगाऱ्यानं तो उतरवलेला. चंद्रकोर उलटी झाली होती.

"तू म्हणालीस घरी आहे."

"घरीच होता. नऊ दिवस," लुझ म्हणाली. "पेटी खिडकीपाशी ठेवली होती. आम्ही घर झाडलं नाही. मृत माणूस घरात असताना झाडायचं नसतं. सगळं गाव येऊन बसत होतं." मग तिच्या लक्षात आलं. "आते, तुम्ही त्याला न्यायला आलात?"

मी पर्समधून कलश काढला होता. तो परत आत ठेवला. तिला रडू आवरेना. ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, मला माहीत नव्हतं, त्यानं कधी सांगितलं नाही की जाळायचं असतं. खरंच, चाळिशीतला माणूस बायकोला असं काही कशाला सांगेल? मी पेटीवर हात ठेवला. सिमेंट तापलेलं होतं. तळहाताला चुना लागला. मूठभर माती घ्यावी म्हटलं तर खाली फरशीच होती.

घर उचललं तो दिवस

त्याच संध्याकाळी लुझनं बाकीचं सांगितलं. खाडीकाठची जागा मनिलातल्या एका कुटुंबाची. आजवर गावातली घरं त्यावर तशीच उभी होती, कुणी हटकलं नव्हतं. आता तिथे समुद्रावर येणाऱ्या पाहुण्यांसाठी हॉटेल होणार होतं. जागा सोडायची होती. शरद असता तर काही केलं असतं. कंपनीकडून काय मिळेल आणि कधी, याचा पत्ता नव्हता. म्हणून लुझ हाँगकाँगला एका घरी स्वयंपाकाला आणि मुलं सांभाळायला जाणार होती. कागद तयार होते. माया राहणार होती तातायजवळ आणि मावशी नेनाजवळ. नेनाचं परसू गावाच्या वरच्या अंगाला होतं. तिथे हे घर न्यायचं ठरलं होतं.

"घर न्यायचं म्हणजे?"

"उचलून," ताताय म्हणाले.

भूगोलाच्या पुस्तकात मी हे चित्र पाहिलं होतं. घराखालून बांबू बांधून अख्खं गाव घर खांद्यावर घेऊन चाललंय. पोस्टकार्डावर छापतात. ताताय म्हणाले, त्यांच्या तरुणपणी कुणाला बोलवावंही लागत नसे. बांबू बांधायला घेतले की माणसं जमत. याला ते 'बायानिहान' म्हणतात. मोबदला नसतो, ज्याचं घर त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं. चाळीस दिवस पुरे होईपर्यंत गेलेल्याचा जीव घरातच असतो असं ते मानतात, म्हणून ताताय आजवर थांबले होते. आता तो गेला होता. आता घर हलवायला हरकत नव्हती.

नेना म्हणाली, "सुटं करून न्या. माणसं कुठे आहेत आता? शेजारच्या रोहेलियोचे तिन्ही मुलगे बोटीवर. शाळेपलीकडची आळी तर सगळी रिकामी."

"अख्खं जाईल," ताताय म्हणाले. "त्यानं अख्खं मागितलं होतं, मी अख्खं दिलं."

दोघांचं बरंच वाजलं. मला शब्द कळत नव्हते, पण कुठल्याही घरातलं भांडण असतं तसंच ते होतं. शेवटी नेना उठून गेली.

ठरल्या सकाळी लुझनं दोन मोठ्या पातेल्यांत नूडल्स केल्या, केळीच्या पानात बांधून चिकट तांदळाचे गोड उंडे उकडले. आपल्या पातोळ्यांची आठवण होते, पण सारण नसतं. भांडीकुंडी, चटया, शिलाईचं मशीन आधीच खाली काढलं होतं. शरदचा फोटो मात्र ताताय काढू देईनात. घरमालक घरातूनच जाईल म्हणाले.

माणसं जमली. म्हातारे मच्छीमार, जीपनीचा ड्रायव्हर, शाळेतल्या बाई आणि त्यांचा नवरा, दोन पोटुशा बायका ज्यांना लुझनं हात लावू दिला नाही. आणखी कुणाची तरी वाट पाहिली. कुणी आलं नाही. मग बायका पुढे सरल्या. नेनाही आली, एका बांबूखाली उभी राहिली. मी साडीचा पदर खोचला आणि लुझच्या मागे उभी राहिले. "आते, तुम्ही नको," ती म्हणाली. मी हललेच नाही.

तातायनी हाक दिली आणि आम्ही उठलो.

खांद्यावर घर घेतल्यावर काय वाटतं हे मला नीट सांगता येणार नाही. जड होतं, पण दगडासारखं जड नाही. पावलागणिक वर कामट्या कुरकुरत, कूस बदलावी तसं ते थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे होई. निपाच्या पानांचा धूळकट वास नाकात येत होता. याच कामट्यांवर माझा भाऊ निजत असे, हे एकदम मनात आलं आणि मी दुसरीकडे लक्ष वळवलं, पुढे लुझच्या घामेजल्या पाठीकडे बघत चालत राहिले. तातायचा सूर चालला होता, एक, दोन, टेका. एक, दोन, टेका. माया आणि इतर मुलं बाजूनं पळत होती, ओरडत होती. तेवढा वेळ सगळ्यांचेच चेहरे उजळले होते. माझासुद्धा.

भाताच्या कापलेल्या खाचरात बांध ओलांडताना पुढच्या कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्याचा पाय घसरला. तो कोपरा खाली गेला, सगळा भार आमच्या बाजूला आला आणि कडाड आवाज झाला. कुणीतरी ओरडलं, सोडा, सोडा! आम्ही बाजूला झालो. घर खाली बसलं ते वाकडंच. कोपऱ्याचा खांब मधोमध पिचला होता. आतून वाळवीनं खाल्लेला. वरून कळत नव्हतं. आढं एका अंगाला कललं आणि छपरावरची पानं पुढच्या बाजूनं सरकत सरकत खाचरात उतरली. फोटो भिंतीवर तिरका लटकत राहिला.

कुणाला मोठी इजा झाली नाही. घसरलेल्या म्हाताऱ्याची पोटरी सोलवटली होती. तो ताताय‌पाशी येऊन काहीतरी म्हणत होता, माफी मागत असावा. तातायनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, मग बांधावर जाऊन बसले, आमच्याकडे पाठ करून. सगळे त्यांच्या बोलण्याची वाट पाहत उभे होते.

नेनानं विळा घेतला आणि दोऱ्या कापायला सुरुवात केली. मग सगळेच हात लावू लागले. वासे, तट्ट्या, कामट्यांच्या गुंडाळ्या, एकेक करून डोक्यावर, खांद्यावर वरच्या आळीकडे निघाल्या. दुपार व्हायच्या आत खाचरात फक्त पानांचा चुरा आणि दाबल्या गेलेल्या रोपांच्या खुंटांचा एक चौकोन उरला. मायानं शरदचा फोटो नेला, दोन्ही हातांनी पोटाशी धरून.

जेवायला बसलो तेव्हा कुणी फारसं जेवलं नाही. एक पातेलं उघडलंच नाही. लुझनं पाहुण्यांना घरी न्यायला पानात बांधून दिलं, तरी उरलं.

नेनाचं परसू

पुढचे दिवस ताताय आणि जीपनीचा ड्रायव्हर नवीन खांब तासत होते. ताताय कमी बोलत. त्यांच्या भाषेत गरिबाला 'दुखा' म्हणतात. एकदा मला पाणी देताना ते हसून म्हणाले, "आम्ही दुखा." मी सांगितलं, आमच्याकडे दुःख म्हणजे वेगळं. लुझनं ते त्यांना समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली, वेगळं नाही अशा अर्थानं.

माझ्या मनात एक गोष्ट आली होती आणि ती मी बोलून टाकली. लुझ आणि मी विहिरीपाशी कपडे धूत होतो.

"मायाला मी घेऊन जाऊ? मी एकटी आहे. माझी नोकरी आहे. चेन्नईत चांगल्या शाळा आहेत. तू तिथे परक्या मुलांना सांभाळशील आणि तुझी मुलगी इथे तुझ्याशिवाय. त्यापेक्षा..."

लुझनं पिळलेला फ्रॉक झटकला, दोरीवर टाकला. मग म्हणाली, "आते, तुमची आई तिला घरात घेईल?"

आईचा चेहरा डोळ्यांपुढे आला, रिसीव्हर माझ्या हातात देतानाचा.

"माहीत नाही," मी म्हणाले.

"इथे ती तातायची नात आहे," लुझ म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "मी नसले तरी सगळ्यांना माहीत आहे की हे तिचं घर. तिच्या बापासाठी बांधलेलं. तुमच्याकडे तिला रोज कुणीतरी विचारेल, तू कोण. तिथे तिला खालून हाक द्यावी लागेल."

आम्ही उरलेले कपडे वाळत घातले.

खांब रोवायच्या सकाळी तातायनी प्रत्येक खड्ड्यात एकेक नाणं टाकलं. मी माझ्याकडचं एक रुपयाचं नाणं दिलं. त्यांनी ते हातात उलटसुलट करून पाहिलं आणि पिचलेल्या खांबाच्या जागी जो नवा रोवायचा होता, त्याच्या खड्ड्यात टाकलं. घरात पहिल्यांदा तांदूळ आणि मीठ गेलं, मायाच्या हातून. आपल्याकडे कलश नेतात, तमिळ घरात दूध उतू घालतात; तिथे तांदूळ-मीठ. शिडी लावताना मात्र अडलं. ते पायऱ्या मोजतात सोनं, चांदी, मरण, पुन्हा सोनं, चांदी, मरण. वरची शेवटची पायरी मरणावर येता कामा नये. वरच्या परसातली जमीन थोडी उंच, खालची पायरी मातीत गेली, आणि मोजणी मरणावर संपली. तातायनी पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. मग त्यांनी करवत घेतली, शिडी खालून कापली आणि पायऱ्या नव्यानं बांधल्या. त्या दिवसाचं बाकीचं काम राहून गेलं, पण त्यावर कुणी कुरकुरलं नाही. त्या घराला आणखी एक मरण नको होतं.

छप्पर पुरं शाकारून व्हायच्या आत माझी आणि लुझची निघायची वेळ आली. आमची बोट एकच होती. मनिलाहून लुझ हाँगकाँगला, मी इकडे. माया शिडीच्या मधल्या पायरीवर बसली होती. लुझनं तिचे केस विंचरले, वेणी घातली, सोडली, पुन्हा घातली. मुलगी रडली नाही. जीपनी सुरू झाली तेव्हा ती उठून घरात गेली आणि खिडकीची झडप आतून पाडली. बोटीवर लुझ रेलिंगला धरून उभी राहिली. मी तिला नाव घेऊन हाक मारली, तेव्हा तिनं वळून पाहिलं नाही, म्हणून मी पुन्हा मारली नाही.

पुन्हा वेलचेरी

मी पोचले तेव्हा आई दारातच खुर्ची घेऊन बसली होती. राव मामींनी माझ्या हातातली बॅग घेतली आणि माझ्या तोंडाकडे बघून त्या लगेच आपल्या घरी गेल्या.

मी आईला सगळं सांगितलं. पुरलंय, जाळलं नाही. आणता येण्यासारखं काही नव्हतं. तिनं मध्ये एकदाही थांबवलं नाही. एका गुरुजींकडून कधीतरी ऐकलेलं मी तिला सांगितलं, की अस्थी नसल्या तरी दर्भाचा पुतळा करून विधी होतो.

"आणि तो पुतळा जाळायचा?" आई म्हणाली.

"हो."

"नको. एकदा गेला तो."

मग मी फोटो दाखवले. घर खांद्यावर असतानाचा होता, तो तिनं बाजूला ठेवला. मायाचा होता, तो हातात धरून तिनं खूप वेळ पाहिला, आणि तोही बाजूला ठेवला, पण पालथा नाही, उताणा. शेवटी दफनभूमीचा राहिला. तो अगदी जवळून काढलेला, त्यात फक्त पांढरं सिमेंट आणि निळा ॐ. आईनं त्यावरून बोट फिरवलं. चंद्रकोर उलटी आहे हे तिच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे.

"इथे सावली असते का गं?" तिनं विचारलं. "त्याला ऊन सोसत नाही. लहानपणी शाळेतून आला की डोकं धरून निजायचा."

सारं आयुष्य इंजिनरूमच्या उष्म्यात काढलेला माणूस. पण आईला तो तिथे कधी दिसलाच नव्हता.

"असते," मी म्हणाले. "बाजूलाच मोठं झाड आहे. दिवसभर सावली असते."

"कसलं?"

"आंब्याचं."

"मग बरं," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

त्या दफनभूमीत एकही झाड नाही.